नाव प्रवेशद्वारावर आले, नोंद कुठे आहे?

दरवर्षी १४ जानेवारी आला की विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी माणसांचा महासागर लोटतो. बीड, जालना, परभणी, नांदेड, विदर्भ, कुठून कुठून लोक येतात. कुणी कमानीला हात लावून तो कपाळाला लावतो. कुणी नातवाला खांद्यावर घेऊन वरची अक्षरे वाचून दाखवतो. पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड उडते. आम्ही विचारतो, दुसऱ्या कोणत्या विद्यापीठाच्या दारात लोक असे येतात? पदवीदानाला पदवी घेणारे येतात, त्यांचे आईवडील येतात. इथे येणाऱ्यांपैकी अनेकांनी विद्यापीठाचा एकही वर्ग आतून पाहिलेला नसतो. तरीही ते या विद्यापीठाला ‘आपले’ म्हणतात. कारण त्याच्या नावाची किंमत त्यांनी मोजलेली आहे. काहींनी घर देऊन, काहींनी तुरुंगवास भोगून, काहींनी घरातला माणूस देऊन.

आता एक साधा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. त्या खांद्यावरच्या नातवाने उद्या विचारले, “आजोबा, आपल्या गावात तेव्हा काय झाले होते?” तर आजोबा सांगतील. आजोबा गेल्यावर कोण सांगणार? कोणत्या कागदावर ते सापडणार? नामांतराच्या लढ्यावर काही चांगली पुस्तके झाली, काही प्रबंध झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण तुमच्या गावाचे, तुमच्या वस्तीचे, तुमच्या आजीचे काय झाले ते लिहून ठेवले आहे का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. आमचे म्हणणे एवढेच आहे की नाव प्रवेशद्वारावर आले म्हणजे मान्यता पूर्ण झाली असे नाही. ज्यांच्यामुळे ते नाव आले त्यांची नोंद ज्ञान म्हणून होत नाही, तोपर्यंत नामांतराचे काम अर्धेच झालेले आहे.

आधी महाविद्यालय, मग विद्यापीठ

नामांतराच्या विरोधकांचा एक लाडका प्रश्न होता, “बाबासाहेबांचा मराठवाड्याशी संबंध काय?” आजही हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. आम्ही त्याला घोषणेने उत्तर देत नाही, तारखांनी देतो.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे विद्यापीठ म्हणजे उस्मानिया, स्थापना १९१८, तेही हैदराबादला. शिकवण्याची भाषा उर्दू. मराठवाड्यातल्या खेड्यातल्या पोराने पदवीपर्यंत शिकायचे तर घर सोडून परमुलखात जायचे, परक्या भाषेत शिकायचे आणि खिशात पैसे असायला हवेत. जमीनदाराच्या, वतनदाराच्या पोराला ते जमेल. गावकुसाबाहेरच्या पोराला ते स्वप्नातही जमण्यासारखे नव्हते.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर त्यांनी दुसरे केंद्र कुठे निवडले? पुणे नाही, नागपूर नाही. त्यांनी औरंगाबाद निवडले. जून १९५० मध्ये तिथे महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते, राज्यघटना लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’. स्वतंत्र विद्यापीठ नव्हते, म्हणून हे महाविद्यालय उस्मानियाला जोडलेले होते. त्याच उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी बाबासाहेबांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच्या आदल्या वर्षी, ५ जून १९५२ रोजी, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. देऊन गौरवले होते.

आणि मराठवाडा विद्यापीठ? ते स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी. पंडित नेहरू उद्घाटनाला आले होते. जागा कोणती, तर नागसेनवनाला लागूनच. म्हणजे विद्यापीठ यायच्या आठ वर्षे आधी बाबासाहेबांनी त्या माळावर उच्च शिक्षणाचे बी पेरले होते. ‘संबंध काय’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे. त्यांचे नाव विद्यापीठाला देणे हे कुणाचे उपकार नव्हते, तो साधा हिशेब होता.

मिलिंदने काय घडवले तेही पाहा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी तिथे ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, ते बाबासाहेबांसमोर सादर झाले. पुढे डॉ. म. ना. वानखेडे तिथे प्राचार्य झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने खेड्यापाड्यातल्या लिहित्या हातांना व्यासपीठ दिले. तेच पानतावणे पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवू लागले. वसतिगृहात एका ताटात जेवणारी, एका कंदिलाखाली वाचणारी पोरे लेखक झाली, प्राध्यापक झाली, अधिकारी झाली, कार्यकर्ते झाली. मराठी साहित्याला दलित साहित्याचा जो हादरा बसला, त्याच्या मुळाशी या माळावरची वसतिगृहेही आहेत. हा मराठवाड्याचा इतिहास नाही का? की मराठवाड्याचा इतिहास म्हणजे फक्त सातवाहन, देवगिरीचे यादव आणि निजामाविरुद्धचा लढा?

ठराव मुंबईत, आग खेड्यात

१९७० च्या दशकात दलित पँथर, विद्यार्थी संघटना आणि रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी नामांतराची मागणी लावून धरली. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे. ठराव मुंबईत झाला आणि आग मराठवाड्याच्या खेड्यात लागली. वस्त्या जाळल्या गेल्या. साठवलेले धान्य जाळले गेले. स्त्रियांवर अत्याचार झाले. कुटुंबेच्या कुटुंबे रातोरात गाव सोडून निघाली. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत सर्वांत जास्त झळ बसली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांना हालहाल करून ठार मारण्यात आले.

विरोध करणाऱ्यांत केवळ गावगुंड नव्हते. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखे, निजामाशी लढलेले आदरणीय नेतेही नामांतराच्या विरोधात उभे राहिले. त्यांनी ‘मराठवाड्याची अस्मिता’ पुढे केली. दुसरीकडे एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हेही आम्ही विसरत नाही. अस्मितेला आमचा विरोध नव्हता. आमचा प्रश्न होता की या अस्मितेत आम्ही आहोत की नाही? ज्या मराठवाड्याच्या नावाला धक्का लागतो म्हणून ओरड झाली, त्याच मराठवाड्यात जळणारी घरे मराठवाड्याची नव्हती काय?

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्यांची झोपडी जाळली, ते बहुतेक भूमिहीन मजूर होते. विद्यापीठाचे नाव काय आहे याने त्यांच्या रोजंदारीत एक पैशाचा फरक पडणार नव्हता. ज्यांनी जाळली, त्यांच्यातल्या अनेकांनाही विद्यापीठाशी काही देणेघेणे नव्हते. मग आग का लागली? कारण गावात काहीतरी आधीच बदलले होते. बौद्धांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले होते, गावकीची कामे नाकारली होती. कुणी गायरान कसायला घेतले होते. कुणाचा पोरगा शिकून मास्तर झाला होता, इस्त्रीचा सदरा घालून एसटीतून उतरत होता. हे डोळ्यांत सलत होते. विद्यापीठाचे नाव हे निमित्त झाले, हिशेब गावचाच चुकता केला गेला.

हे आम्ही म्हणतो. पण गावागावातून पुरावा गोळा केल्याशिवाय ते नुसते म्हणणेच राहील. कोणत्या गावात गायरानाचा वाद होता? कोणत्या गावात मजुरीचा तंटा होता? कोणत्या गावात सवर्णांनीच शेजाऱ्याला घरात लपवून वाचवले? अशीही गावे असणार, त्यांचीही नोंद हवी. आणि पोचिराम कांबळे मातंग समाजाचे होते, हे आमच्या किती पोरांना माहीत आहे? ‘नामांतर हे फक्त एका जातीचे आंदोलन’ असे म्हणणाऱ्यांना पोचिराम कांबळे हे एकच नाव पुरेसे उत्तर आहे. पण ते नाव आम्हीच नीट सांगितले नाही, तर दोष कुणाला देणार?

नामांतर की नामविस्तार

विधिमंडळाच्या ठरावाची अंमलबजावणी व्हायला किती काळ लागावा? इथे साडेपंधरा वर्षे लागली. त्या काळात नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. हजारो माणसे पायी औरंगाबादकडे चालत निघाली आणि खडकपूर्णा नदीपाशी पोलिसांनी त्यांना अडवले. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, बाया कडेवरची लेकरे घेऊन आत गेल्या. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. त्यानंतर पन्नास दिवसांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले.

जुने नाव गेले नाही, त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव आले. म्हणून सरकारने त्याला नामविस्तार म्हटले. लोक मात्र अजूनही नामांतरच म्हणतात, कारण लढा त्या शब्दाने लढला गेला. शब्दांवर भांडण्यात आम्हाला फार रस नाही. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे त्याच्याकडे गेले. बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाकडे औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे राहिले.

याचा अर्थ लक्षात घ्या. टेंभुर्णी आणि सुगाव नांदेड जिल्ह्यात. गौतम वाघमारे यांचे आत्मदहन नांदेडमध्ये. सर्वांत जास्त होरपळलेला मुलूख नांदेड आणि परभणीचा. ज्या नावासाठी या भूमीने जीव दिला, त्या नावाच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात ती भूमीच उरली नाही. नांदेडला विद्यापीठ झाले हे चांगलेच झाले. तिथल्या पोरांना ते हवेच होते आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या कार्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण परिणाम असा झाला की शहिदांची गावे एका विद्यापीठाकडे आणि त्यांनी मिळवलेले नाव दुसऱ्या विद्यापीठाकडे. इतिहासाचा धागा जिल्ह्याच्या हद्दीवर तुटला. तो जोडायचा तर दोन्ही विद्यापीठांतल्या आंबेडकरी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी एकत्र बसावे लागेल.

आमचा इतिहास विद्यापीठाबाहेर लिहिला गेला

विद्यापीठात इतिहास कुणाचा लिहिला जातो? ज्याचा कागद आहे त्याचा. राजाचे ताम्रपट असतात, जमीनदाराची दप्तरे असतात, सरकारची गॅझेटियर असतात. आमच्या आजीकडे काय असते? एक जळकी पेटी आणि आठवण. पहिल्या पिढीचा संशोधक विद्यार्थी गावचा विषय घेऊन जातो, तेव्हा त्याला अनेकदा ऐकावे लागते की हे ‘ऐकीव’ आहे, याला साधने नाहीत, विषय बदला. पोलिसांनी केलेला पंचनामा साधन ठरतो. ज्याचे घर जळाले त्याचा शब्द साधन ठरत नाही. ही कसली शास्त्रीयता?

बाबासाहेब स्वतः इतिहासकार होते हे आपण विसरतो. १९४६ मध्ये त्यांनी शूद्रांच्या उगमावर ग्रंथ लिहिला, १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावर. दुसऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी हाच प्रश्न हाताळला आहे. जिथे थेट पुरावा नाही, दुवे तुटलेले आहेत, तिथे इतिहासकाराने हात टेकायचे का? त्यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. उपलब्ध खुणा गोळा करा, त्यांची छाननी करा, तर्काने दुवा जोडा आणि आपला निष्कर्ष चर्चेसाठी खुला ठेवा.

आणि हे काम आमच्या माणसांनी केलेही आहे, पण बहुधा विद्यापीठाच्या बाहेर. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचे खंडामागून खंड लिहिले, त्यासाठी आयुष्य वेचले. वसंत मून सरकारी नोकरीतले अधिकारी, त्यांनी बाबासाहेबांच्या समग्र लेखनाच्या संपादनाचे डोंगराएवढे काम उचलले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या दोघी घराघरात गेल्या नसत्या, तर त्या बाया इतिहासातून पुसल्या गेल्या असत्या. नामांतराच्या लढ्यातल्या बायांचे तसे होऊ द्यायचे का?

१९७८ च्या दंगलीनंतर अत्याचार विरोधी समितीने गावोगाव फिरून अहवाल तयार केला. तो १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकात छापून आला. जगभरचे अभ्यासक तो वाचतात. ज्यांच्या गावांबद्दल तो आहे, त्यांच्यापैकी किती जणांनी तो वाचला? आमची जखम इंग्रजीत नोंदली गेली. मराठीत तिचे वाचन आम्ही कधी करणार?

आता काय करायचे

१९७८ मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज पासष्टी ओलांडून गेला आहे. तेव्हा तिशीत असलेली बाई आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. दरवर्षी त्यांच्यातले काही जण जातात आणि आपण समाजमाध्यमावर ‘विनम्र अभिवादन’ टाकून मोकळे होतो. त्यांच्यासोबत एक आख्खे दप्तर चितेवर जाते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे की १४ जानेवारीला प्रवेशद्वारापाशी जरूर या. पण येताना एक वही भरून आणा.

आपल्या गावातल्या, नात्यातल्या एका माणसाची साक्ष नोंदवा. नाव, वय, गाव, तेव्हा काय काम करत होते, काय पाहिले, काय ऐकले. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहा. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आवाज नोंदवून ठेवा. त्यांच्या परवानगीने. ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले त्यांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय कुठेही उघड करू नका. त्यांचा सन्मान आपल्या संशोधनापेक्षा मोठा आहे.

तुरुंगात गेल्याचे कागद, आंदोलनाची पत्रके, फोटो, पत्रे, गायन पार्ट्यांच्या वह्या शोधा. एफआयआर आणि न्यायालयाचे निकाल मिळतील तर त्यांच्या प्रती काढा, कारण सरकारी दप्तरे मुदत संपली की नष्ट होतात. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती करा, एक घरी आणि एक जवळच्या ग्रंथालयात.

आणि एक कडू गोष्ट. आकडे फुगवू नका. शहिदांचा आकडा प्रत्येक पोस्टमध्ये वेगळा, जळालेल्या गावांचा आकडा प्रत्येक भाषणात वाढत जातो. आपल्याला वाटते यामुळे लढा मोठा दिसेल. होते उलटे. विरोधक एक चूक पकडतो आणि शंभर खऱ्या गोष्टी खोट्या ठरवतो. पोचिराम कांबळे यांचे एक खरे नाव हे हजारांच्या खोट्या आकड्यापेक्षा जड आहे. बाबासाहेबांनी पुराव्याशिवाय विधान केले नाही. आपणही करू नये.

जे विद्यार्थी विद्यापीठात पीएच. डी. करत आहेत, त्यांनी आपल्या तालुक्याचा विषय लाजता घेऊ नये. मिलिंदच्या वसतिगृहातून गेलेल्या पहिल्या पिढीचा इतिहास, एका तालुक्यातल्या गायरान जमिनींचा इतिहास, १९७८ नंतर गाव सोडलेल्या कुटुंबांचे पुढे काय झाले त्याचा इतिहास. हे विषय लहान नाहीत. जे प्राध्यापक या लढ्याच्या बळावर खुर्चीवर बसले आहेत, त्यांनी अशा विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहावे. ही मेहेरबानी नाही, ते देणे आहे.

शेवटी नावाचीच गोष्ट. औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव देताना बाबासाहेबांनी स्वतःचे नाव दिले नाही. त्यांनी मिलिंद हे नाव निवडले. मिलिंद कोण? ज्याच्या दरबारात भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची, असा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. आणि त्याला उत्तर देणारे भिक्खू नागसेन. एक विचारतो, दुसरा पुराव्यासह उत्तर देतो. दोघांची नावे त्या माळाला मिळाली.

त्या मातीत शिकलेल्या पिढीने लढून विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव कोरले. आता प्रश्न विचारण्याची पाळी आपली आहे. पहिला प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “तेव्हा आपल्या गावात काय झाले होते?” आणि ते जे सांगतील ते आजच लिहून घ्या.

जय भीम!